सत्तेचाळीसशे बाय त्रेसष्ट

बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला त्याला चार-पाच वर्षं तरी झाली असतील, पण घरात कोणी ते मनावर घेतलं नव्हतं, कारण तो एका दिवशी आला नाही. आधी रात्री सगळं सामसूम झाल्यावर स्पीकरला कान लावला तरच यायचा, मग टीव्ही बंद असला की यायचा, आणि गेल्या पावसाळ्यात तर अभंगाच्या दोन ओळींच्या मधे जरा शांतता असते तिथे हा बरोबर घुसायला लागला. आई म्हणायची, कोणीतरी पलीकडच्या खोलीत गिरणी लावलीय असं वाटतं. त्यातच बाबांनी स्वतःचं स्वतः ठरवून टाकलं होतं की त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तबला लागला की डावीकडून डग्गा येतच नाही म्हणायचे, नुसती टिकटिक येते. कानाच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मळ काढला, हेडफोन लावून तपासणी केली आणि म्हणाले वयाच्या मानाने दोन्ही कान सारखेच आहेत. बाबांचा विश्वास बसला नाही. ते खुर्ची जराशी तिरकी करून उजवा कान पुढे काढून बसायला लागले.

खरं म्हणजे माझी ट्यूब तेव्हाच पेटायला हवी होती. म्हातारपणी माणसाला आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, डग्ग्यासारखे जाड आवाज शेवटपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. म्हणजे तक्रार उलटी होती. पण घरातल्या माणसाची तक्रार आपण कधी नीट ऐकतो का, सोडा.

तो अ‍ॅम्प १९८८ चा. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, परळच्या चाळीतल्या खोलीत पहिली बारा वर्षं काढलेला आणि मग आमच्याबरोबर मुलुंडला आलेला. सागवानी रंगाचं कॅबिनेट, पुढे दोन काटेवाले मीटर, प्रत्येक चॅनेलला तीस वॅटच्या आसपास. आत प्रत्येक बाजूला दोन-दोन टू एन ३०५५, ते काळ्या हीटसिंकवर टोप्या ठेवल्यासारखे दिसणारे मेटलचे ट्रान्झिस्टर, ज्यांनी आपल्याकडच्या दोन पिढ्यांच्या मेकॅनिकांचं घर चालवलं. स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याकडे नेला होता, त्याने झाकणही उघडलं नाही, म्हणाला साहेब याचं आता काही मिळत नाही, ब्लूटूथवाला घ्या. मी अ‍ॅम्प तसाच रिक्षात घालून परत आणला. डिप्लोमा इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सचा केलाय, पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण हातात सोल्डरचे डाग मारायची हौस शिल्लक आहे, म्हणलं आपणच बघू.

उघडायच्या आधी एक गोष्ट केली ती सांगतो, कारण त्यानेच अर्धं काम झालं. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर नेला. घूं तसाच. म्हणजे टेप, वायरी, इनपुट यांचा संबंध नाही, जे काय आहे ते व्हॉल्यूमच्या पुढे. मग मोबाइलवर ते आवाजाचे दांडे दाखवणारं फुकटचं अ‍ॅप टाकलं आणि फोन स्पीकरसमोर धरला. सगळ्यात उंच दांडा १०० हर्ट्झवर, ५० वर नाही. घरातली वीज ५० सायकलची, अर्थिंगचा नाहीतर वायरिंगचा गोंधळ असला तर बहुतेक वेळा ५० चा हम, म्हणजे असाच घूं, येतो. पण ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे चार डायोडची जोडणी, दोन्ही बाजूच्या लाटा एकाच बाजूला आणतो, त्यामुळे सेकंदाला १०० उंचवटे होतात, आणि ते उंचवटे सपाट करायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. १०० चा आवाज स्पीकरपर्यंत पोचतोय याचा अर्थ तो आता काम करत नाही. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "फिल्टरचा कंडेन्सर ना, मग असं सांग की." त्यांच्या पिढीत कपॅसिटर म्हणतच नाहीत.

झाकण उघडलं तर आत पस्तीस वर्षांची धूळ, झुरळाची अंडी आणि एक वास, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वॉर्निशचा. मधोमध पट्टीत आवळलेला फिल्टरचा डबा, चांगला चाळीस मिलीमीटर जाडीचा, कॉफीच्या छोट्या बाटलीएवढा. त्यावर ४७०० मायक्रोफॅरड (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), ६३ व्होल्ट, ८५ डिग्री. बुडाशी तपकिरी काहीतरी ओघळून वाळलेलं होतं. मी लगेच म्हणलं, लीक झालाय. नंतर खरवडल्यावर कळलं की तो फॅक्टरीत लावलेला गोंद होता, हलू नये म्हणून लावायचे तो. पण हा गोंद गमतीचा नाही हां. वर्षानुवर्षं गरम होऊन तो काळपट होतो, थोडीफार वीज वाहायला लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो. दोन पाय हिरवे पडलेलेच होते. स्पिरिट आणि बांबूच्या काडीने तासभर खरवडत बसलो.

त्याआधी अर्थात डिस्चार्ज. प्लग काढलेला असला तरी एवढ्या डब्यात बराच वेळ दम राहतो. आमच्या कॉलेजातले लॅब असिस्टंट सरळ स्क्रू ड्रायव्हर टेकवायचे, फाट् करून ठिणगी उडायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. ते करू नका. एक किलोओहम पाच वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून अर्धा मिनिट टेकवला आणि मग मीटर लावून खात्री केली.

मग एकेक पाय सुटा करून मोजणी. माझ्याकडे चीनचा छोटा टेस्टर आहे, कपॅसिटन्स आणि ईएसआर दोन्ही दाखवतो, ईएसआर म्हणजे कपॅसिटरच्या आतला रेझिस्टन्स. फिल्टरचा डबा ४७०० च्या जागी ११८०, आणि ईएसआर जवळजवळ तीन ओहम, जो अशा डब्यात पॉइंट वनच्याही खाली हवा. हिशोब घालून बघा: एक अँपिअर करंट ओढला आणि दोन उंचवट्यांच्या मधले दहा मिलिसेकंद कपॅसिटरने तग धरायचा म्हटलं, तर ४७०० असताना सप्लाय दोन व्होल्टने खाली येतो, ११८० असताना साडेआठने. साडेआठ व्होल्ट सेकंदाला शंभरदा वरखाली, घूं नाही येणार तर काय.

पण खरी मजा पुढे होती. या जुन्या डिझाइनमधे हल्लीसारखा प्लस-मायनस असा दुहेरी सप्लाय नसतो, एकच असतो, त्यामुळे आउटपुट ट्रान्झिस्टरच्या मधल्या पॉइंटला कायम निम्मं व्होल्टेज उभं असतं आणि ते स्पीकरला जाऊ नये म्हणून मधे एक मोठा कपॅसिटर घालतात, डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, अडवायची आणि गाणं सोडायचं. प्रत्येक चॅनेलला २२०० मायक्रोफॅरड. उजवीकडचा निघाला ८७०. डावीकडचा १९०. मी टेस्टर दोनदा बंद-चालू केला. आठ ओहमच्या स्पीकरबरोबर २२०० असेल तर अगदी ९ हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, १९० असेल तर १०५ च्या खाली आवाज उतरायला लागतो. डग्ग्याचा सगळा घुमारा त्याच्याच खाली. बाबांचा कान नाही, कपॅसिटर बहिरा झाला होता, आणि तोही डावाच.

मी ते बाबांना लगेच सांगितलं नाही. आधी दुरुस्त तर होऊ दे.

जाता जाता, हे कपॅसिटर एवढी वर्षं टिकले कसे आणि आताच का गेले याचाही हिशोब जमतो. आत कागदात मुरवलेलं ओलं केमिकल असतं, ते उष्णतेने हळूहळू सुकतं. ८५ डिग्रीला दोन हजार तास असं आयुष्य लिहिलेलं असेल, तर ढोबळ नियम असा की दर दहा डिग्री थंड ठेवलं की आयुष्य दुप्पट. आत ४५ डिग्री धरले तर दोन हजाराचे चार वेळा दुप्पट, बत्तीस हजार तास. बाबांचे रोजचे तीन तास, म्हणजे एकोणतीस वर्षं. १९८८ मधे एकोणतीस मिळवा. वर गेली काही वर्षं आम्ही तो शोकेसमधे कोंबून डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवला होता, तो गुन्हा आमचा.

यादी केली. फिल्टरचा एक, आउटपुटचे दोन, बाकी एक मायक्रोफॅरडपासून शंभरपर्यंतचे छोटे चौदा. आणि निघालो लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉक्टर भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं पण तसं म्हणालात तर टॅक्सीवालाही आरशातून तुमच्याकडे बघेल. मुलुंडहून दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला ईस्टला उतरून पाच-सात मिनिटं चालायचं. शनिवारी गेलो, कारण रविवारी तिकडे बहुतेक शटर खाली असतात.

ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीचा लॅमिंग्टन रोड पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. तेव्हा गल्लीगल्लीत सुटे पार्ट होते, काउंटरवर ट्रान्झिस्टर शेंगदाण्यासारखे मोजून द्यायचे. आता समोर सगळे सीसीटीव्ही, लॅपटॉपचे चार्जर, एलईडीच्या पट्ट्या. पार्टवाले आहेत, पण आत, वर, मागच्या बाजूला. पहिल्या तीन दुकानांत नकार. चौथ्यात, "सैंतालीस सौ? एक पीस नहीं आता, पॅकेट लेना पडेगा." पाचव्यात ४७०० होता पण पन्नास व्होल्टचा, आणि तो मुलगा मला पटवायला लागला की पन्नास चालतो, काय फरक पडतो. फरक पडतो बाबा. ट्रान्सफॉर्मर ३८ व्होल्टचा, त्याला १.४१४ ने गुणलं की ५३.७, त्यातून ब्रिजचे दीडेक व्होल्ट गेले, राहिले बावन्न. आणि आमच्याकडे रात्री कधीकधी २३० च्या जागी २५० येतात, तेव्हा तेच सत्तावन्न होतात. पन्नासवाला तिथे फुगणार, फुटणार. व्होल्टेज छापलेल्यापेक्षा वर गेलं तर चालेल, खाली कधीच नाही. सहाव्या ठिकाणी मला १०,००० बाय ६३ दाखवला, "बडा डालो, हम बिलकुल गायब." हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण चालू करताना रिकामा कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखाच वागतो, जेवढा मोठा तेवढा हिसका मोठा, आणि माझे डायोड तीन-तीन अँपिअरचे, पस्तीस वर्षांचे. ६८०० पर्यंत मी गेलो असतो, दहा हजार नको.

शेवटी एका दुकानात, नाव घेत नाही, मिळाला. सुंदर. एका जपानी कंपनीचं लेबल, ४७०० बाय ६३, १०५ डिग्री, काळं चकचकीत आवरण. एकशे चाळीस रुपये. हातात घेतल्यावर हलका वाटला, मनात आलं हल्ली टेक्नॉलॉजी सुधारलीय, लहान होतात, हलके होतात. टेस्टर घरी ठेवून आलो होतो, हा शहाणपणा माझाच. आउटपुटसाठी २२०० चे दोन तिथूनच घेतले आणि वडापाव खाऊन गाडीला लटकलो.

घरी मोजला तर २०१०. म्हणलं प्रोब नीट लागला नसेल. परत २०१०. वीस टक्के इकडेतिकडे या कपॅसिटरमधे माफ असतं, म्हणजे ३७६० पर्यंत मी काही बोललो नसतो, पण हे निम्म्याहून कमी. मग ब्लेड घेऊन वरचं काळं आवरण उभं चिरलं. ते सोलून आलं आणि आत दुसरं आवरण, निळं. त्यावर स्वच्छ अक्षरात २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, ८५ डिग्री. कोणीतरी बसून, एकेक डबा हातात धरून, त्याच्यावर खोटा शर्ट चढवला होता. पस्तीसवाल्याला मी बावन्न व्होल्ट देणार होतो. डोक्यावर जी अधिकच्या चिन्हासारखी खाच असते ना, प्रेशर वाढलं की फाटायला ठेवलेली, ती बरोबर बाबांच्या खुर्चीकडे तोंड करून उघडली असती. २२०० चे दोन मात्र ठीक निघाले, २०८० आणि २१२०, पण एकदा संशय आला की आला, तेही बाजूला ठेवले.

पुढच्या शनिवारी त्या दुकानात परत गेलो. सोललेला डबा काउंटरवर ठेवला. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "ये हमारा नहीं है." बिल नव्हतं. विषय संपला. मी तसाही भांडणात कच्चा आहे, आईबरोबर भाजी घ्यायला गेलो तरी ती मला मागे उभं करते.

तिथेच एकाने सांगितलं चोरबाजारात बघा, जुना ओरिजिनल माल मिळेल. नळबाजाराच्या बाजूने चालत मटण स्ट्रीटला गेलो. ग्रामोफोनचे कर्णे, पितळी कड्या, कॅमेरे, आणि एका फळीवर खरोखर जुने डबे, माझ्यासारखेच चाळीस मिलीमीटरचे, न वापरलेले, पायांना टिनचा डागही लागला नव्हता. पट्टीत फिट्ट बसले असते. अडीचशे म्हणत होता, दीडशेला तयार झाला. मी पाकीट काढलं होतं. या वेळी टेस्टर खिशात होता, लावला तर ५१०० दाखवतोय, म्हणजे उत्तमच. पण मग आठवलं की नुसता आकडा जास्त येणं हे काही चांगलं लक्षण नाही. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, अडवायचं काम तोच करतो, आणि कित्येक वर्षं व्होल्टेज न लागता पडून राहिलं की तो थर कमजोर होतो. करंट झिरपायला लागतो, आणि टेस्टरला तेही कधीकधी जास्तीचे मायक्रोफॅरड वाटतात. रेझिस्टर लावून तासन्‌तास हळूहळू व्होल्टेज चढवत नेलं तर थर परत बसतो म्हणतात, पण सुकलेलं केमिकल कुठून आणणार. पाकीट परत खिशात घातलं. फळीवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

ऑनलाइनही बघून झालं होतं म्हणा. माल खात्रीचा, पण दोनशेच्या कपॅसिटरला डिलिव्हरी त्याच्याहून जास्त, आणि फोटोवरून जाडी-उंचीचा अंदाज येत नाही, डेटाशीट उघडून मिलीमीटर मोजत बसायचं.

तिसऱ्या शनिवारी जुना डबाच पिशवीत घालून नेला. हे आधी का सुचलं नाही कोण जाणे. एका बिल्डिंगच्या आत, अंधाऱ्या जिन्याने पहिल्या मजल्यावर, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढा गाळा. भिंतभर पत्र्याचे खण, प्रत्येकावर पेन्सिलने लिहिलेलं. काउंटरवर सत्तरीचे काका, चष्मा कपाळावर. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी आधी तो हातात तोलला, मग बुडाकडून बघितला, मग वास घेतला.

"अ‍ॅम्प्लिफायर की स्टॅबिलायझर?"

"अ‍ॅम्प्लिफायर. वडलांचा आहे."

"सिंगल सप्लाय असणार. मग आउटपुटचे दोन पण गेले असतील, ते घेतले का?"

तीन शनिवारांत पहिल्यांदा कोणीतरी मला उलटा प्रश्न विचारला होता. मी चोरबाजारचं सांगितलं तर हसले. "कंडेन्सर काय लोणचं आहे का, बरणीत ठेवला की मुरेल?" मग स्टुलावर चढून वरचा खण काढला. म्हणाले पूर्वी केल्ट्रॉनचे असायचे, केरळ सरकारची कंपनी, असे डबे पोत्याने यायचे. आता एवढे जाडे ऑडिओसाठी कोणी घेत नाही, स्क्रूवाले मोठे नाशिकला अल्कॉन बनवते पण ते कारखान्यांतल्या पॉवर सप्लायला वगैरे लागतात, तुमच्या पेटीत मावायचे नाहीत. आणि माझ्यासमोर ठेवला स्नॅप-इन, तीस मिलीमीटर जाडीचा, ४७०० बाय ६३, १०५ डिग्री, खाली दोन आखूड टणक पाय, दहा मिलीमीटर अंतरावर.

मी खिशातून टेस्टर काढला आणि जरा ओशाळलो. काका म्हणाले, "लावा लावा, लाजता कशाला. न मोजता नेणाऱ्याचीच मला भीती वाटते, तो चार दिवसांनी परत येतो." ४५३०. ईएसआर पॉइंट झिरो थ्री. वजनही भरीव, ओल्या मातीच्या गोळ्यासारखं. दोनशे वीस रुपये. २२०० बाय ६३ चे दोन, नव्वदप्रमाणे. आउटपुटला निम्मंच व्होल्टेज येतं, सव्वीसच्या आसपास, तिथे पन्नासवाले भरपूर झाले असते आणि मूळचे तेच होते, पण त्यांच्याकडे ६३ चेच होते, उंचीला बसत होते, घेतले. छोट्यांची यादी त्यांनी न बघता भरली, तीन रुपये, पाच रुपये. इनपुटच्या एक मायक्रोफॅरडला मात्र थांबले आणि म्हणाले इथे पॉलिएस्टर टाका, तो सुकायचा प्रश्नच नाही. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून हाताने लिहून दिलं.

"आणि पट्टीत ढिला बसेल," जिन्यात पोचल्यावर मागून ओरडले, "सायकलची ट्यूब गुंडाळा."

बसवायचं काम त्यामानाने दोन-तीन तासांचं. सायकलवाल्याकडून फाटकी ट्यूब आणली, दोन वेढे दिले, तीसचा चाळीस झाला आणि पट्टीत घट्ट बसला. स्नॅप-इनचे पाय सरळ वायरीला डाग मारायला बरे नाहीत, म्हणून प्लेन पीसीबीच्या, म्हणजे पार्ट बसवायच्या बोर्डाच्या, छोट्या तुकड्यावर बसवून तिथून जाड वायरी काढल्या. छोट्यांमधे गंमत अशी की जुने सगळे आडवे होते, दोन्ही टोकांना एकेक पाय, आणि नवे उभे, दोन्ही पाय खाली. मग उभ्याला आडवं झोपवायचं, एका पायाला स्लीव्ह घालून वळवून पलीकडच्या भोकात न्यायचा. प्लस-मायनस बघायला आडव्यात एक खूण असते, ज्या टोकाजवळ गोल खाच असते ते प्लस, आणि नव्यात पांढरा पट्टा मायनसचा. मी प्रत्येक काढायच्या आधी फोटो काढत होतो, एकावेळी एकच काढत होतो, आणि तरी एकदा फसलो, उलटा लावला. डाग थंड व्हायच्या आत लक्षात आलं. तो घाईघाईने काढताना मोठा साठ वॅटचा सोल्डरिंग आयर्न वापरला आणि त्या जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी सालपटासारखी वर आली. पाऊण इंच वायर टाकून जोडून घेतली, दिसायला वाईट दिसते, आतच असते.

पहिल्यांदा चालू करताना सरळ प्लग लावायची हिंमत नव्हती. सिरीज बोर्ड केला, मेन्सच्या वाटेत साठ वॅटचा बल्ब. तो फिलामेंटवालाच पाहिजे, एलईडी चालत नाही, आणि आता साधा पिवळा बल्ब शोधायला मुलुंडात चार हार्डवेअरवाले फिरलो, पाचव्याने माळ्यावरून काढून पुसून दिला. स्विच दाबला. बल्ब एकदम उजळला आणि सेकंदाभरात मंद होत गेला. म्हणजे कपॅसिटर भरला आणि शॉर्ट काही नाही. तसाच पेटलेला राहिला असता तर मी झाकण लावून ब्लूटूथवाला घ्यायला गेलो असतो. मग बल्ब काढून सरळ मेन्सवर, सप्लायला ५२.४, डाव्या चॅनेलच्या मधल्या पॉइंटला २६.१, उजव्याला २५.६, स्पीकरच्या टर्मिनलवर जवळजवळ शून्य.

बंद केला, स्पीकर जोडले, बाबांना बोलावलं, परत स्विच दाबला. दोन्ही स्पीकरमधून दणकन ठप्प असा आवाज आला. मी दचकून स्विचकडे हात नेला, वाटलं डीसी गेला स्पीकरला, आणि मग लक्षात आलं की चालू केल्यावर आउटपुटचे कपॅसिटर स्पीकरमधूनच भरतात, चांगले असतील तेवढा ठप्प मोठा. गेली कित्येक वर्षं तिथे नुसतं टिक व्हायचं आणि आम्हाला वाटायचं तसंच असतं. आतून आईने हाक मारली, "लागला का रे?" ती कणीक मळत होती, तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. "परळला असाच वाजायचा," बाबा म्हणाले, "खाली जोशांना कळायचं मी आलो ते."

व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकरला कान लावला. काही नाही. पंख्याचाच आवाज.

कॅसेट लावली. बाबा सवयीने तिरके बसले होते, डग्गा आला तसे सरळ झाले, डावीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी १९० चा जुना डबा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, चष्मा लावून अक्षरं वाचली.

"म्हणजे कानाच्या डॉक्टरचे आठशे रुपये फुकट गेले," ते म्हणाले, आणि आवाज अजून थोडा वाढवला.